घरात बिननावाची वाय-फाय दिसायलीत, आमच्याच डब्यातली आहेत का बाहेरच्या कुणाची?

कडकभाकरी४१३ (सोमवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, मला नेटवर्किंगमधलं फार कळत नाही त्यामुळं प्रश्न येड्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या. आमचं घर अशोक चौकाच्या पुढं, खाली आम्ही राहतो, वर एक खोली, मागच्या अंगाला टॉवेलचा छोटा कारखाना, सहा माग. फायबरचं नेट घेऊन आठ महिने झाले, त्याचा डबा (राऊटर) हॉलमध्ये टीव्हीच्या वर ठोकलाय. वरच्या खोलीत धाकट्या बहिणीचा संध्याकाळचा ऑनलाईन क्लास असतो आणि तो रोज सात ते नऊ हमखास अडकतो, सर तोंड उघडं ठेवून तसेच थांबलेले असतात आणि ही वरनं ओरडते, दाद्या नेट! म्हणून एका मित्रानं सांगितलं की फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर टाक, कुठल्या खोलीत किती रेंज हाय ते कळतंय. टाकलं, आणि रेंजचं राहिलं बाजूला, वेगळंच भूत मागं लागलं.

आमच्या डब्याच्या सेटिंगमध्ये दोनच नावं आहेत, एक २.४ चं आणि एक ५ चं. अ‍ॅपमध्ये ती दोन दिसतात बरोबर, पण त्यांच्याच खाली अजून दोन दिसतात ज्यांना नावच नाही, नुसतं "हिडन". रेंज आमच्याएवढीच, आमचं २.४ चं -४२ दाखवतंय तर ते बिननावाचं -४३. डब्याजवळ गेलो की दोन्ही वाढतात, लांब गेलो की दोन्ही कमी होतात. आणि तिसरं एक बिननावाचं आहे ते वेगळंच, हॉलमध्ये -७१ च्या आसपास, कधी दिसतं कधी गायब.

प्रत्येकाच्या खाली तो लांबलचक पत्ता असतो ना जोड्या जोड्यांचा, तो पण बघितला. आमच्याची पहिली जोडी ३४ आहे आणि त्या दोन भुतांची ३६, पुढचं सगळं सेम, फक्त शेवटचा आकडा वेगळा. ३६ वालं नेटवर टाकून बघितलं तर कुठल्याच कंपनीचं नाव निघत नाही! तिथनं माझी झोप उडाली.

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला तर बाई म्हणाल्या सर तुमच्या मोबाईलमध्ये व्हायरस असेल, रिसेट मारून बघा. कनेक्शन जोडून गेलेला पोरगा म्हणतो "असतंय ओ ते". शेजारचे काका म्हणतात कुणीतरी तुमच्या डब्यावर दुसरी लाईन मारलीय, उद्या त्यावरनं काही उद्योग केला तर पोलीस तुमच्या दारात. अप्पांना सांगितलं तर म्हणतात मागं नाय का पलीकडच्या बिल्डिंगवर टॉवर बसवला, त्याचं असणार.

हे नक्की काय आहे? कुणी आमचं नेट वापरतंय का? आणि क्लास अडकायचं कारण हेच असंल का?

वायरमन_जुळे (मंगळवार, सकाळी ७:१५)

मालक, घाबरू नका. मी जुळे सोलापुरात हीच डबे बसवायची कामं करतो, दहा घरांतनं सात घरांत हे भूत असतंय, कुणी बघत नाही म्हणून कुणाला माहीत नाही. तुम्ही बघितलं.

कसं आहे, डब्यात रेडिओ दोनच असतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि एक ५ चा (हे वाय-फायचं ५ म्हणजे मोबाईलचं फाइव्ह जी नव्हे, त्यावरनं रोज एकाशी तरी वाद होतो). पण एक रेडिओ एकाच वेळी चार-चार नावानं बोलू शकतो. बऱ्याच फायबरच्या डब्यांत एक ते चार खण २.४ ला आणि पाच ते आठ खण ५ ला असे दिलेलेच असतात. गिऱ्हाईकाच्या लॉगिनमध्ये त्यातला पहिला आणि पाचवा तेवढा दिसतो. बाकीचे कंपनीच्या लॉगिनला दिसतात, ते लॉगिन तुमच्याकडं नसतंय आणि खरं सांगू का, कधी कधी आमच्याकडं पण नसतंय.

ते खण कशाला लागतात? कुणी वरच्या मजल्याला त्याच कंपनीचा दुसरा छोटा डबा घेतला की ते दोन डबे आपसात बोलायला हे बिननावाचं नेटवर्क वापरतात. कुठं टीव्हीचा सेट टॉप बॉक्स बिनवायरचा जोडायला वापरतात. तुम्ही यातलं काहीच घेतलेलं नाही तरी डब्यातलं सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच असतंय, त्यामुळं ते चालूच राहतं. नाव लपवायचं कारण एवढंच की गिऱ्हाईकानं ते बघून त्यावर पासवर्ड मारत बसू नये आणि आम्हाला फोन करू नये. तरी तुम्ही केलाच.

खात्री करायची तर सोपं आहे, डब्याचं बटण बंद करा, दोन मिनिटं थांबा, परत स्कॅन मारा. ती दोन्ही गेली तर तुमचीच. तिसऱ्याचं मला आत्ताच काही सांगता यायचं नाही.

आणि एक बघा, अ‍ॅपमध्ये त्या बिननावाच्या पुढं डब्ल्यूपीए२ असं काही लिहिलंय का. असंल तर त्याला पासवर्ड आहे, कुणी उगं येऊन बसू शकत नाही. ओपन असंल तर मात्र मला सांगा.

शेंगाचटणी (मंगळवार, सकाळी ९:०२)

अरे भावा भूत काय, मी तर स्वतःहून माझ्या वाय-फायचं नाव लपवून ठेवलंय दोन वर्षं झाली. सेटिंगमध्ये टिक काढायची, झालं. दिसलंच नाही तर चोरणार कसं? खालच्या मेसमधली सगळी पोरं माझ्या नेटवर टपून असायची, आता गप.

आधी नाव पण भारी ठेवणार होतो, मराठीत "शेंगाचटणी मिळेल", तर ते बसंनाच. नंतर कळलं की नावाला ३२ बाइटची जागा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन-तीन बाइट खातं, काना मात्रा वेलांटी सगळी वेगळी धरून. म्हणजे दहा चिन्हांत संपलं. नुसतं "शेंगाचटणी" बसतंय, "मिळेल"ला जागा नाही. मग वैतागून लपवूनच टाकलं.

हुरडापार्टी (मंगळवार, सकाळी ९:३०)

हसताय काय बे. ते बिननावाचं कंपनी आपल्यावर नजर ठेवायला वापरते. माझ्या भाच्याच्या डब्यात कंपनीनं रात्रीतनं सेटिंग बदललं होतं, त्यानं हात पण लावला नव्हता. आत शिरायला त्यांनी ठेवलेला चोरदरवाजा आहे तो. मी तर रात्री डबा बंद करून झोपतो.

लॅबमधली_ताई (मंगळवार, दुपारी १:२०)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, लांब होईल. मी विजापूर रोडवरच्या एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते, त्यामुळं ही नेटवर्कं रोज डोळ्यासमोर.

हुरडापार्टी, तुमच्या भाच्याचं खरं असणार पण रस्ता चुकलाय. कंपनीला सेटिंग बदलायला तुमच्या हॉलमधल्या वाय-फायची गरजच नाही, ती फायबरच्या वायरीतनं येते. त्यासाठी टीआर-०६९ नावाची ठरलेली पद्धत आहे, २००४ पासूनची. डबा स्वतःच ठराविक वेळानं कंपनीच्या सर्व्हरला विचारतो की माझ्यासाठी काही निरोप आहे का. सॉफ्टवेअर अपडेट, नावं, पासवर्ड, सगळं तिकडनं बदलता येतं. ते चांगलं का वाईट यावर बोलू कधीतरी, पण नजर ठेवायला कुणी रस्त्यावर व्हॅन लावून बिननावाचं वाय-फाय पकडत बसत नाही.

आता ३४ आणि ३६. हे ऐकून मला खरंच आनंद झाला, कारण भूत नसल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच दिलाय. त्या पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्या म्हणजे बनवणाऱ्या कंपनीला मिळालेला नंबर, आयईईई नावाची संस्था तो वाटते. पण एकाच रेडिओला जेव्हा दोन-चार नावानं बोलायचं असतं तेव्हा तेवढे पत्ते लागतात, मग डबा आपल्या खऱ्या पत्त्यावरनं बाकीचे तयार करतो. आणि "हा घरगुती बनवलेला पत्ता आहे, कंपनीचा नव्हे" हे कळावं म्हणून पहिल्या जोडीत एक खूण करतो. ती खूण केली की ३४ चं ३६ होतं. म्हणून यादीत नाव निघालं नाही. सोपी ओळख सांगते, पहिल्या जोडीतलं दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता बनवलेला. तुमच्या फोनमध्ये पण वाय-फायचा पत्ता बघा, ॲन्ड्रॉइड १० पासून फोनसुद्धा हेच करतो, प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनवलेला पत्ता देतो.

शेंगाचटणी, आता तुमच्याकडं येते. नाव लपवलं म्हणजे वाय-फाय लपलं असं होत नाही. डबा सेकंदाला साधारण दहा वेळा ओरडत असतो की मी इथं आहे, अमुक चॅनेलवर (हवेतल्या अमुक पट्टीवर), अमुक सुरक्षा. त्याला बीकन म्हणतात. नाव लपवल्यावर तो ओरडायचा थांबत नाही, फक्त नावाच्या जागी रिकामं सोडतो. म्हणून तर कडकभाकरींच्या अ‍ॅपमध्ये सगळं दिसलं, पत्ता, चॅनेल, रेंज, नाव सोडून. आणि तुमचा स्वतःचा फोन जेव्हा त्याला जोडतो तेव्हा नाव हवेत उघडं बोलावंच लागतं, त्या वेळी ऐकत बसलेल्याला ते मिळतं.

याहून वाईट पुढंच आहे. लपवलेलं नेटवर्क फोनला आपोआप दिसत नाही, म्हणून फोन जाईल तिथं स्वतः त्याच्या नावानं हाका मारत फिरतो. तुम्ही जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्यावर पाळण्याच्या रांगेत उभे, आणि तुमचा खिसा त्या गर्दीत पोर हरवल्यासारखा ओरडतोय, शेंगाचटणी कुठंय, शेंगाचटणी आहे का इथं. घरी डब्यानं लपवलेलं नाव तुम्ही गावभर सांगत हिंडताय. मेसमधली पोरं गप बसली असतील तर ती पासवर्डमुळं, लपवण्यामुळं नाही.

कडकभाकरी, तुमच्या खऱ्या प्रश्नावर, क्लास का अडकतो, त्यावर रात्री लिहिते. तोवर डबा बंद करून बघाच.

शेंगाचटणी (मंगळवार, दुपारी १:३१)

ताई माझा खिसा दोन वर्षं ओरडत फिरतोय आणि मला आत्ता कळतंय 😭 चालू केलं नाव परत.

लॅबमधली_ताई (मंगळवार, रात्री १०:४५)

फोनमधनं पण ते जुनं सेव्ह केलेलं नेटवर्क काढून परत जोडा, नाहीतर हाका चालूच राहतील.

आता क्लास. ती बिननावाची तुमचा डेटा खात नाहीत, पण हवा खातात. हिशोब करून दाखवते. बीकन साधारण अडीचशे बाइटचा धरा, म्हणजे दोन हजार बिट. २.४ वर तो बहुतेक वेळा सगळ्यात हळू वेगानं पाठवतात, एक एमबीपीएसनं (सेकंदाला दहा लाख बिट), जुन्यातल्या जुन्या मशीनलासुद्धा कळावा म्हणून. म्हणजे एका बीकनला दोन मिलिसेकंद. सेकंदाला दहा म्हणजे वीस मिलिसेकंद. एका नावापायी दोन टक्के हवा गेली, कुणी काही वापरत नसताना. तुमच्या भागात घराला घर लागून. एका चॅनेलवर बारा नावं ऐकू येत असतील तर चोवीस टक्के नुसत्या ओरडण्यात, आणि त्यात निम्मी बिननावाची असली तर तुम्हाला यादीत सहाच दिसणार. संध्याकाळी सात ते नऊ सगळी घरात, सगळ्यांच्या सिरियली नि मॅची चालू, मग उरलेल्या हवेत तुमच्या बहिणीचे सर.

तेव्हा आधी हे बघा की तुमचा २.४ कुठल्या चॅनेलवर आहे आणि बहिणीचा लॅपटॉप २.४ वर आहे का ५ वर. २.४ ला १, ६ आणि ११ हेच एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल. मधला ८ किंवा ९ असेल तर दोन्हीकडचा गोंगाट ऐकावा लागतो.

कडकभाकरी४१३ (गुरुवार, दुपारी ४:५०)

मंडळी माफ करा, काल सूत आलं होतं, त्यात पाणी पण कालच आलं, दिवसभर हंडे आणि कोन एवढंच चालू होतं.

डबा बंद करून बघितला. ३६ वाली दोन्ही गेली!! डबा चालू केल्यावर दीड मिनिटानं आमच्याबरोबरच परत आली. दोन्हीपुढं डब्ल्यूपीए२ लिहिलंय. म्हणजे वायरमन दादा आणि ताई दोघांचं बरोबर. शेजारच्या काकांना सांगितलं, ते म्हणाले तरी जपून राहा.

आमचं २.४ चॅनेल ९ वर होतं. कुणी ठेवलं देव जाणे. ११ केलं.

पण तिसरं तसंच आहे. डबा बंद असताना पण होतं. आणि आता खरी गंमत, आज दुपारी अडीचला लाईट गेली, पूर्ण पेठेची. माझ्या डोक्यात आलं की आत्ता शेजारपाजारचे सगळे डबे बंद असणार, मग पटकन अ‍ॅप उघडलं. रोज अठरा-वीस नावं दिसतात तिथं पाचच उरली. आमची चार (आमचा डबा इन्व्हर्टरवर आहे) आणि पाचवं हे. -७१ वरच. म्हणजे ज्याचं कुणाचं आहे त्याच्याकडं पण बॅटरी आहे! पत्त्याची पहिली जोडी ७८ आहे, यादीत टाकलं तर कुठल्यातरी चिनी कंपनीचं नाव आलं जे मी आयुष्यात ऐकलेलं नाही, वाय-फायचे सुटे पार्ट बनवणारी वाटते.

हुरडापार्टी (गुरुवार, सायंकाळी ५:१०)

मी म्हणालो होतो.

वायरमन_जुळे (गुरुवार, सायंकाळी ६:००)

वा मालक, लाईट गेल्यावर स्कॅन! हे मी आजपर्यंत केलं नव्हतं, आता करणार. सोलापुरात संधी भरपूर मिळती.

ताईंच्या हिशोबानं ७८ म्हणजे बनवलेला पत्ता नाही, खरी वस्तू आहे कुठलीतरी. सुटे पार्ट बनवणारी कंपनी निघाली म्हणजे राऊटर नसून वाय-फाय ज्याच्या पोटात आहे अशी काहीतरी वस्तू. टीव्ही, प्रिंटर, सोलरचा इन्व्हर्टर, कॅमेरे, असलं.

आता फोन हातात घेऊन हिंडा. आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढी वस्तू जवळ. -७१ म्हणजे एक-दोन भिंती पलीकडं. -५० आलं की त्याच खोलीत आहात. -३५ म्हणजे हात लांब केला की सापडंल. गडबड करू नका, ॲन्ड्रॉइड ९ पासून फोन दोन मिनिटांत चारच वेळा स्कॅन करू देतोय, म्हणजे आकडा बदलायला अर्धा मिनिट लागतंय. लोक भराभरा चालतात आणि म्हणतात सगळीकडं सारखंच दाखवतंय. एका जागी उभं राहा, आकडा बदलू द्या, मग पुढं. डेव्हलपर सेटिंगमध्ये जाऊन हे बंधन काढता येतं, पण जमत नसंल तर थांबत थांबत चाला.

आणि फोन अंगाआड धरू नका. आपल्या अंगानं पण आकडा पडतोय, पाण्याचा हंडाच की आपण.

शेंगाचटणी (गुरुवार, सायंकाळी ६:०७)

लाईव्ह अपडेट द्या मालक, मी भेळ घेऊन बसलोय.

कडकभाकरी४१३ (गुरुवार, रात्री ९:२०)

सापडलं. सांगतो, पण हसायचं नाही.

हॉलमध्ये -७१. स्वयंपाकघरात -६६. मागच्या दारात -६०. तेव्हाच पोटात गोळा आला, कारण मागच्या दाराबाहेर आमचाच कारखाना. आत गेलो, माग बंद झाले होते, शांत होतं. दोन नंबरच्या मागापाशी -५५. कोपऱ्यात पत्र्याची छोटी केबिन आहे, अप्पांची गादी, तिथं -४१. कपाटापाशी -३३. कपाटावर बघितलं तर कापसाच्या धुळीत बोटभर बुडालेला एक काळा डबा, त्याला दोन अँटेना, खाली छोटा यूपीएस, हिरवा दिवा चालू.

सीसीटीव्हीचा डबा आहे तो. दोन वर्षांमागं सुताचे कोन चोरीला गेले होते तेव्हा अप्पांनी बसवून घेतला, मामांच्या ओळखीचा एकजण येऊन एका दिवसात बसवून गेला. चार कॅमेरे, बिनवायरचे. मी इतके दिवस समजत होतो की ते कॅमेरे आमच्या घरच्या वाय-फायवर चालतात. त्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय असेल हे डोक्यातच आलं नाही. म्हणजे गेले चार दिवस मी ज्या भुताला शोधतोय ते आमचंच, आमच्याच पैशानं आणलेलं, आमच्याच मालाची राखण करतंय.

एकच प्रश्न, त्या डब्याच्या मागनं एक निळी वायर निघून भिंतीतनं थेट हॉलमधल्या फायबरच्या डब्यात गेलीय. ती काढू का ठेवू?

वायरमन_जुळे (गुरुवार, रात्री ९:३५)

ठेवा. बिनवायरच्या कॅमेऱ्यांच्या सेटमध्ये असंच असतंय, मधला डबा म्हणजे छोटा राऊटरच, कॅमेरे त्याच्याच वाय-फायला जोडलेले. लोकांनी त्यावर मोबाईल जोडून कॅमेऱ्याची रेंज खाऊ नये म्हणून काही जण त्याचं नाव लपवतात. निळी वायर त्याला बाहेर जायला, अप्पा मोबाईलवर बघतात ना ते त्याच्यावरनं.

लॅबमधली_ताई (गुरुवार, रात्री १०:०५)

वायर ठेवा, पण आजच एक बघा. त्या सीसीटीव्हीच्या डब्याचं लॉगिन काय आहे? युजर अ‍ॅडमिन आणि पासवर्ड पण अ‍ॅडमिन, किंवा एक ते सहा आकडे ओळीनं, असं तर नाही ना?

विचारते कारण तुमच्या पूर्ण गोष्टीत काळजी करण्यासारखी मला ही एकच जागा दिसते. बिननावाचं वाय-फाय पकडायला माणसाला तुमच्या गल्लीत यावं लागेल. ती निळी वायर मात्र तुमच्या कपाटावरची वस्तू घरच्या नेटवर्कात आणून ठेवते, आणि बसवणाऱ्यानं बाहेरनं बघता यावं म्हणून राऊटरमध्ये दार उघडून ठेवलं असेल तर जगातनं कुणीही येऊन तिचं लॉगिन ठोठावू शकतो. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम असाच पसरला होता. त्याच्याकडं कंपनीतनं येतात त्या युजर-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, बाकी काही डोकं नाही. तेवढ्यावर त्यानं जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारे डबे) आणि राऊटर लाखानं ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये डाइन नावाच्या, साइटच्या नावावरनं तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर सोडले, अमेरिकेत अर्धा दिवस मोठमोठ्या साइट उघडत नव्हत्या. त्यात कुणाच्यातरी गोदामातले, कपाटावर धूळ खात पडलेले डबे असतीलच.

तर पासवर्ड बदला. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (ही उघडी दारं) असं पान असतं, तिथं काही नोंद असेल तर काढा, अप्पांचं अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालत असेल तर त्याची गरज नसते. युपीएनपी (वस्तूंना स्वतःच असं दार उघडू देणारी सोय) चालू असेल तर बंद करा. आणि फायबरच्या डब्यावर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणानं किंवा पिननं जोडायची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दिसायला मोठा, पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो. २०११ मध्ये हे उघड झालं, जास्तीत जास्त अकरा हजार वेळा प्रयत्न केले की सापडतो. अकरा हजार माणसाला जास्त वाटतात, मशीनला एका रात्रीचं काम.

३६ वाली दोन मात्र तशीच राहू द्या. नकोच असतील तर कंपनीकडं रीतसर तक्रार टाका, बंद करतीलच असं नाही. स्वतःचा राऊटर घेऊन कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये (नुसती लाईन पुढं द्यायला) टाकणं हा दुसरा मार्ग, पण फुकटचा खर्च.

हुरडापार्टी (गुरुवार, रात्री १०:२०)

डब्याला अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला तर?

वायरमन_जुळे (गुरुवार, रात्री १०:२४)

तर तुमचं पण वाय-फाय बंद, आणि डबा तापून आमचा धंदा चालू. सोलापूरच्या मे महिन्यात तर भाकरी भाजंल त्यावर.

कडकभाकरी४१३ (शनिवार, रात्री ८:४०)

शेवटचं अपडेट. सीसीटीव्हीचा युजर अ‍ॅडमिन होता आणि पासवर्डची जागा रिकामी. रिकामी! दोन वर्षं. बदलला. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये दोन नोंदी होत्या, त्या काढल्या, अप्पांचं अ‍ॅप तरी चालतंय. डब्ल्यूपीएस बंद केलं.

वरच्या खोलीत ५ ची रेंज जुन्या दगडी भिंतीमुळं पोचत नव्हती, मग वायरमन दादांना मेसेज केला होता, त्यांच्या सांगण्यावरनं जिन्यातनं पंधरा मीटर केबल वर नेली आणि लॅपटॉपला डायरेक्ट खुपसली. आत्ता साडेआठ वाजलेत, क्लास चालू आहे, वरनं आवाज नाही. सरांचं तोंड हलतंय म्हणे.

फक्त काल सकाळी सहाला अप्पांनी मला उठवलं. अ‍ॅपनं नवा पासवर्ड मागितला होता आणि त्यांना कारखाना दिसत नव्हता, त्यांना वाटलं परत चोरी झाली, लुंगीवरच मागं पळत गेले होते. मी त्यांना पासवर्ड सांगितला. संध्याकाळी केबिनमध्ये गेलो तर त्यांनी तो कपाटाच्या दारावर खडूनं लिहून ठेवलाय, वीतभर अक्षरात, खाली "विसरू नये".

लॅबमधली_ताई (शनिवार, रात्री ९:०१)

राहू द्या. खडूचं इंटरनेटवरनं वाचता येत नाही. फक्त चारपैकी एखादा कॅमेरा त्या कपाटाकडं तोंड करून नाही ना, तेवढं बघा.

कडकभाकरी४१३ (शनिवार, रात्री ९:०९)

तीन नंबरचा आहे. आलोच, पुसून येतो.